मिशन, मंडळी आणि आपला विहार



वस्तीत चार माणसे एकत्र बसली आणि धम्मकार्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते. "ख्रिस्ती लोकांचे बरे आहे, त्यांना बाहेरून पैसा येतो." छावणीतले चर्च, जालन्याचे मिशन हॉस्पिटल, अहमदनगरच्या म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या शाळा-कॉलेजे यांच्याकडे बोट दाखवून आपण म्हणतो, आपल्याकडे पैसा असता तर आपणही केले असते. एवढे बोलून आपण उठतो आणि विहाराचे दार पुढच्या पौर्णिमेपर्यंत बंद राहते.

हे वाक्य अर्धेच खरे आहे. पैसा आला, हे खरे. पण तो कोणाच्या खिशातून आला, त्याने काय घडवले आणि काय घडवता आले नाही, याचा विचार आपण करीत नाही. तथागतांनी आपल्याला शिकवले आहे की कोणतीही गोष्ट केवळ ऐकीव म्हणून मान्य करू नका, तपासून पाहा. तेव्हा आज ही गोष्ट तपासून पाहू. ख्रिस्ती बांधवांची उणीदुणी काढणे हा यामागचा हेतू नाही. ज्यांनी आपल्या आधी याच मातीत, याच गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत धर्मकार्य केले, त्यांच्यापासून काय घ्यावे आणि काय टाळावे, हे नवदीक्षित कुटुंबांना माहीत असले पाहिजे.

प्रथम दोन शब्द नीट समजून घेऊ. मराठी ख्रिस्ती बांधव आपल्या उपासक समुदायाला 'मंडळी' म्हणतात. मंडळी गावात असते. तिथे मुलाचे नाव ठेवले जाते, लग्न लागते, माणसाला शेवटचा निरोप दिला जातो. 'मिशन सोसायटी' ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. अनेक मंडळ्यांतील माणसांनी एका कामासाठी उभी केलेली ती संस्था होय. योग्य माणूस निवडणे, त्याला शिकवून परदेशी पाठवणे, त्याचा खर्च चालवणे, त्याचे अहवाल मागवणे आणि ते घरच्या मंडळ्यांत वाचून दाखवणे, हे तिचे काम. मिशन जाते, मंडळी राहते. जाणाऱ्याला राहणाऱ्यांचा आधार लागतो आणि राहणाऱ्यांना जाणाऱ्यामुळे आपल्या गावापलीकडचे जग दिसते. या दोघांचे नाते कसे असावे, हाच ख्रिस्ती जगताला गेली दोनशे वर्षे छळणारा प्रश्न आहे. आणि तो आपलाही प्रश्न आहे.

या कामाचा आरंभ कोणा लक्षाधीशाने केला नाही. इंग्लंडमध्ये विल्यम केरी नावाचा एक माणूस होता. जोडे शिवणे हा त्याचा धंदा, जोडीला तो मुलांना शिकवीत असे. १७९२ साली केटरिंग या गावी एका विधवा बाईच्या घरातील मागच्या खोलीत मूठभर माणसे जमली आणि त्यांनी बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन केली. त्या दिवशी वर्गणीचे आकडे पडले ते १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. ही रक्कम पाहून कोणीही हसले असते. पण त्या वर्गणीच्या बळावर केरी पुढच्याच वर्षी बंगालमध्ये उतरला. १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले आणि १८११ साली मराठी नवा करार सेरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. जोडे शिवणाऱ्या हातांनी आपल्या भाषेचे व्याकरण लिहिले, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

केरी निघाला तेव्हा त्याचे सहकारी अँड्र्यू फुलर यांनी या कामाला खाणीत उतरण्याची उपमा दिली होती. एकाने खोल उतरायचे आणि बाकीच्यांनी वर उभे राहून दोर धरायचा. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. विहीर खणताना खाली उतरलेला माणूस वरच्यांच्या भरवशावर असतो. वरचा माणूस गप्पांत रमला तर खालच्याचा जीव जातो. फुलर यांनी तो दोर मरेपर्यंत सोडला नाही. गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करणे, पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे हे कंटाळवाणे काम त्यांनी आयुष्यभर केले.

आपल्या मुलखात हे काम अमेरिकनांनी आणले. १८१० साली अमेरिकेत परदेशी कार्यासाठी एक मिशन बोर्ड स्थापन झाले. त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. तिथल्या सिंथिया फेरार बाईंची मुलींची शाळा महात्मा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली, हे सर्वश्रुत आहे. या मिशनला पैसा कोण देत होते? बोस्टनचे व्यापारी देत होतेच, पण शेतकरी, कारागीर आणि घरकाम करणाऱ्या बायाही देत होत्या. घरात एक पेटी ठेवायची आणि तिच्यात पैसा-दोन पैसे टाकायचे, अशी ती रीत. बायकांनी तर आपली वेगळी मंडळे उभी केली. बोस्टनचे स्त्रियांचे मिशन बोर्ड १८६८ सालचे. 'बाहेरून येणारा पैसा' म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, तो मुळात कोणाच्या तरी घरातला पैसा होता.

आता आपल्या जवळची उदाहरणे पाहू. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे काम होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते काम अनेक वर्षे पाहिले ते रतनजी नवरोजी या पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेल्या पाळकांनी. आसपासच्या खेड्यांतील महार-मांगवाड्यांत ते फिरत. जालन्याला स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री होते. ते जन्माने ब्राह्मण; १८४३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ 'बेथेल' नावाचे गाव वसवले. तिथे आलेले लोक मुख्यतः मातंग समाजातले, ज्यांना तेव्हाच्या कागदांत मांग म्हटले आहे. शेषाद्री डोक्यावर पागोटे घालूनच स्कॉटलंड-अमेरिकेत हिंडले. १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत ते बोलले. आपल्या वस्तीचे दुःख त्यांनी समुद्रापलीकडच्या मंडळ्यांना प्रत्यक्ष सांगितले. मिशन आणि मंडळी यांच्यातला दुवा कसा असतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

या सोसायट्या एकमेकींशी भांडत बसल्या असत्या तर काम चालले नसते. म्हणून त्यांनी मुलूख वाटून घेतला. नगर, सोलापूर, सातारा हा भाग मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनकडे. कोल्हापूर-सांगली-मिरज अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे. नाशिक, मालेगाव, औरंगाबाद चर्च मिशनरी सोसायटीकडे. पुणे, जालना, नागपूर स्कॉटिश मिशनकडे. वऱ्हाड आणि खानदेशात मागाहून आलेल्या आणखी मिशनांनी काम केले. एकाने दुसऱ्याच्या भागात शिरायचे नाही, एकाने काढून टाकलेला उपदेशक दुसऱ्याने ठेवून घ्यायचा नाही, असा संकेत होता. बायबलचे मराठी भाषांतर मात्र सर्वांचे मिळून एक. अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगरला सुरू केलेले 'ज्ञानोदय' पुढे अनेक मिशनांचे मिळून मुखपत्र झाले. जिथे एकट्याला झेपत नव्हते तिथे त्यांनी एकत्र भार उचलला, हा गुण घेण्यासारखा आहे.

परंतु याच व्यवस्थेत तीन दोष होते, आणि बंधूंनो, ते दोष आपण डोळसपणे पाहिले पाहिजेत.

पहिला दोष असा की ही वाटणी लंडन, बोस्टन आणि एडिंबरोच्या सोयीने झाली. गावातल्या माणसाला कोणी विचारले नाही की तुला कोणत्या मंडळीत जायचे आहे. नगरकडे मंडळीत बहुसंख्य महार, जालन्याकडे मुख्यतः मातंग. एकाच ख्रिस्ताचे नाव घेणारे हे दोन समाज वेगवेगळ्या छत्रांखाली वाढले आणि सोयरिकीची वेळ आली की जुनी जात पुन्हा विचारली जाऊ लागली. पुढे १८७०च्या दशकात इंग्लंडची आणखी एक सोसायटी नगर भागात उतरली, तेव्हा एकाच मुलखात दोन मिशनांची ओढाताण सुरू झाली आणि माणसे इकडून तिकडे जाऊ लागली.

दुसरा दोष पैशाच्या दोरीचा. शिक्षक, उपदेशक, पाळक यांचा पगार मिशनच्या तिजोरीतून येई. ज्याच्या हाती पगार त्याच्या हाती निर्णय. हे मिशनवाल्यांनाही कळत होते. बोस्टनचे रूफस अँडरसन आणि लंडनचे हेन्री व्हेन या दोन चिटणिसांनी स्पष्ट म्हटले होते की मंडळीने स्वतःच्या पैशावर जगावे, स्वतःचा कारभार स्वतः करावा आणि स्वतःच प्रसार करावा. मिशनने काम संपवून पुढे निघून जावे. अँडरसन आले तेव्हा, १८५४ साली, नगरच्या मंडळ्यांवर हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोन एतद्देशीय पाळकांची नेमणूक झाली. पाऊल योग्यच होते. पण लक्षात घ्या, दोघेही ब्राह्मण कुळातले आणि मंडळी भरली होती ती महारवाड्यातून. मंडळीला आपल्यातला माणूस पुढे येताना पाहायला वेळ लागला. आणि मिशनने निघून जावे हा विचार पुढे शंभर वर्षे बहुतांशी कागदावरच राहिला.

तिसरा दोष बरोबरीचा. १९१० साली एडिंबरोला जगभरच्या मिशनांची मोठी परिषद भरली. सुमारे १२०० प्रतिनिधी, आणि त्यांत आशियातली माणसे वीसही नव्हती. तिथे तामिळ मुलखातले व्ही. एस. अझरिया उभे राहिले. त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांच्या त्यागाची वाखाणणी केली आणि शेवटी मैत्री मागितली. तुम्ही आम्हाला सर्व काही दिलेत, आता बरोबरीचे मित्र द्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृह अस्वस्थ झाले म्हणतात. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी हेच आपल्या कृतीने सांगितले. १८९५ साली ख्रिस्ती झालेला हा कवी अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होता. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करण्याचा प्रयत्न केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला दोघेही बसू शकतील. दोनच वर्षांत ते वारले. पण परक्याच्या पगारावर आपल्या लोकांचा धर्म उभा राहत नाही, हे त्यांना पुरते उमगले होते.

पुढे काय झाले? स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी कमी होत गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली. ज्या नागपुरात आपली दीक्षा झाली त्याच नागपुरात. बोस्टन आणि लंडनच्या वाटण्या अखेर इथल्या माणसांनी मोडल्या. पण ज्या ठिकाणी मंडळीला स्वतःच्या पायावर उभे राहण्याची सवय लागली नव्हती, त्या ठिकाणी मिशन गेल्यावर बंगले आणि जमिनी तेवढ्या उरल्या आणि त्यांच्या मालकीवरून कोर्टकज्जे सुरू झाले. उलट जिथे बाया-माणसांनी आठवड्याला मूठ-मूठ धान्य बाजूला काढून पाळकाला पोसले होते, तिथे मिशन गेले तरी मंडळी राहिली.

परमपूज्य बाबासाहेबांनी हा सगळा इतिहास बारकाईने अभ्यासला होता. मिशनांच्या कामावर आणि ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी स्वतंत्र लेखन केले. ते त्यांच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ साली छापले गेले. मिशनांचा शिक्षणावरचा मोठा खर्च उच्चवर्णीयांच्या पदरात पडला आणि मंडळीतला गरीब माणूस मागेच राहिला, हे त्यांनी दाखवून दिले. १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी सांगितले की मिशनऱ्यांनी माणसाला धर्म दिला, पण त्याच्या राजकीय हक्कांकडे लक्ष दिले नाही. तरीही बाबासाहेबांनी मिशनची निंदा करून विषय मिटवला नाही. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्यांनी बौद्ध धर्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. त्यात तीन कामे सांगितली: सर्वांना वाचता येईल असा एक बौद्ध ग्रंथ, भिक्खुसंघाच्या रचनेत आणि ध्येयात बदल, आणि एक जागतिक बौद्ध मिशन. भिक्खूने ध्यानासोबत लोकसेवाही करावी, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांसमोर ख्रिस्ती मिशनऱ्यांची शाळा आणि दवाखाना होता. आणि १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी आपल्याला काय सांगितले? प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा.

मिशन हवे असे १९५० साली सांगणारा महापुरुष सहा वर्षांनी दोरी कोणाच्या हातात देतो, ते पाहा. न्यूयॉर्कच्या नाही, रंगूनच्याही नाही. ती तो तुमच्या हातात देतो. शंभर रुपये मिळवणाऱ्याच्या हातात, पाच रुपयांच्या हिशेबाने.

यात नवीन असे काही नाही. तथागतांनी पहिल्या साठ अर्हतांना वेगवेगळ्या वाटांनी लोकांच्या हितासाठी धाडले, तेव्हा त्यांच्यामागे तिजोरी नव्हती. भिक्खू जात राहिला आणि उपासक त्याच्या पात्रात अन्न घालत राहिला. सम्राट अशोकाच्या काळी महाराष्ट्रात महाधम्मरक्खित थेर आले, असे सिंहली इतिहासग्रंथ सांगतात. जाणारा संघ आणि राहणारा उपासक, दोघे एकमेकांचे ऋणी. उपासक पोसतो म्हणून तो मालक नव्हे, आणि भिक्खू शिकवतो म्हणून तोही मालक नव्हे.

आता आपल्या घराकडे वळू. मी शाळामास्तर आहे, माझ्या घरातला पहिला पदवीधर. हिशेब मांडून दाखवल्याशिवाय माझे समाधान होत नाही. तेव्हा तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, घरात एक डबा ठेवा. मजुरी मिळाली, पगार झाला की विसावा हिस्सा त्यात टाका. विसावा झेपत नसेल तर पन्नासावा टाका, पण मुलाच्या हाताने टाका. वस्तीत चाळीस घरे असतील आणि प्रत्येक घराने महिन्याला शंभर रुपये काढले तर वर्षाला ४८ हजार होतात. त्यात एक अभ्यासिका चालते, पुस्तके येतात, वर्षावासात भन्तेजींचा प्रवासखर्च आणि भोजनदान निघते. थायलंडहून आलेली मूर्ती आनंदाने घ्या, कोणी बाहेरून इमारतीला मदत केली तर आभार माना. पण विहाराचे वीजबिल, झाडलोट आणि रविवारची वंदना ही बाहेरच्यांवर सोडू नका. ज्या विहाराची किल्ली देणगीदाराच्या घरी असते तो विहार वस्तीचा नसतो. अशी कुलुपे तुम्हीही पाहिली असतील.

दुसरी गोष्ट, हिशेब वाचून दाखवा. मिशन सोसायट्या दोनशे वर्षे टिकल्या त्या अहवालांच्या जोरावर. जमा किती, खर्च किती, कोणते गाव पाहिले, किती मुले शाळेत गेली, हे घरी पेटीत पैसे टाकणाऱ्या बाईपर्यंत पोहोचत असे. आपल्याकडे जिल्ह्याची शाखा, तालुक्याची शाखा आणि वस्तीचे मंडळ यांची तोंडे तीन दिशांना असतात आणि जयंतीला तीन पावतीपुस्तके निघतात. संस्था अनेक असोत, त्याला हरकत नाही. पण एका वस्तीत काम करणाऱ्यांनी महिन्यातून एकदा एका सतरंजीवर बसावे आणि जमाखर्च मोठ्याने वाचावा. वाचणारी व्यक्ती वस्तीतली एखादी शिकलेली मुलगी असली तर उत्तम.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. आपल्या विहाराच्या दारात कोण उभे आहे, ते पाहा. मिशनांच्या वाटण्यांनी महार आणि मातंग वेगळे राहिले, यावर आपण आत्ताच मान डोलावली. मग आपल्या वंदनेला शेजारचे मातंग कुटुंब येते का? चर्मकार, भटका, कोणी आदिवासी घर येते का? आले तर त्यांना पुढे बसवले जाते की ओट्यावर? त्यांच्या मुलीचे स्थळ आपल्या घरात चालते का? धम्म हा एका जातीचा नवा पत्ता झाला, तर बाबासाहेबांनी एवढ्या धर्मांचा अभ्यास कशासाठी केला? आपल्याकडे मुलूख वाटणारी बोस्टनची कचेरी नाही. आपण वाटण्या केल्या तर त्या आपल्याच असतील आणि दोषही आपलाच असेल.

कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. या वर्षी मुलांना घेऊन जरूर जा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या खांबांवर दात्यांची नावे कोरली आहेत. एक खांब पैठणच्या सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातल्या मितदेवाने दिला. मगिल नावाच्या राजवैद्याच्या घरातल्यांची नावे आहेत, त्यांत त्याची मुलगीही आहे. एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव आहे. कोणी खांब दिला, कोणी हाताचे कसब दिले. घराघराने एकेक खांब दिला म्हणून डोंगरात विहार उभा राहिला, आणि त्यात राहिलेल्या भिक्खूंनी तो धम्म पुढच्या गावी नेला.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणाले की त्यांना बाहेरून पैसा येतो, तर वाद घालू नका. त्याला विचारा, "दादा, तुमच्या घरचा खांब कोणता?" आणि विचारण्याआधी आपला खांब उभा करा.

नमो बुद्धाय. जयभीम.